मैदानाच्या मातीत काय दडलंय?

बालमित्रांनो, जपानचा नकाशा काढा बरं. टोकियोच्या ईशान्येला, समुद्राकाठी, फुकुशिमा प्रांत सापडेल. भातशेतीचा आणि पीचच्या बागांचा हा मुलूख. ११ मार्च २०११ रोजी मोठा भूकंप झाला, त्सुनामी आली आणि इथल्या अणुवीजकेंद्रातून किरणोत्सारी द्रव्यं हवेत मिसळली. वाऱ्याबरोबर ती दूर गेली आणि पाऊस-बर्फाबरोबर खाली उतरली. शाळांच्या मैदानांवरसुद्धा!

तुम्ही म्हणाल, मैदान तर होतं तसंच दिसतंय! खरंच आहे. त्यातल्या सिझियमला ना वास, ना आवाज. मग ते ओळखायचं कसं? त्यासाठी हातात धरायची यंत्रं असतात. काहींमध्ये सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो. गॅमा किरण त्यात अडला की बारीकशी चमक उठते आणि यंत्र ती टिपतं. किरणाची ऊर्जा जास्त, तर चमकही जास्त. सिझियम-१३७चा किरण ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा. मातीत मुळातच असणाऱ्या पोटॅशियम-४०चा १४६०चा. म्हणजे घरचा कोण आणि आगंतुक कोण, ते लगेच कळतं!

आता एक गोष्ट बघा हं. प्राथमिक शाळेत यंत्र जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर धरायचं, माध्यमिक शाळेत १ मीटरवर. का बरं? लहान मुलं मातीच्या जास्त जवळ असतात ना!

तासाला ३.८ मायक्रोसिव्हर्ट किंवा जास्त आकडा आला, तर मैदानावरचा खेळ कमी करायचा, असं सरकारने एप्रिलमध्ये सांगितलं. ही मर्यादा फारच सैल आहे, म्हणून आईबाप भांडले. मग मे महिन्यात शाळांसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्टच्या आत येण्याचं उद्दिष्ट ठरलं.

सिझियम चिकणमातीला घट्ट धरून बसतं, त्यामुळे बहुतेक वरच्या थरातच होतं. कोरियामा शहराने मैदानांची वरची माती खरवडली. पुन्हा यंत्र धरलं, आकडा उतरला! पण ती माती न्यायची कुठे? कुणालाच ती आपल्या शेजारी नको होती. शेवटी मैदानाच्याच कोपऱ्यात ढीग करून झाकून ठेवावी लागली.

सिझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. २०११ साली पहिलीत असलेली मुलं छत्तिशीला पोचतील, तेव्हा ते निम्मं उरलेलं असेल.

आज खेळून मातकट गुडघ्यांनी घरी आलात आणि आई नुसती रागावली, तर हसा! तिला फक्त साबणाचीच काळजी आहे.