पोपट होऊ देऊ नका!

केमनच्या दोन बेटांवर दोन पोपट राहतात. दिसायला भाऊ-भाऊ, पण नीट बघाल तर वेगळे. ओळखायचे कसे? आणि ओळखून करायचं काय?

फंड अकाउंटिंगमध्ये काम करणाऱ्या कुणालाही 'केमन आयलंड्स' हे नाव नवं नसतं. एक्सेल शीटच्या एका कॉलममध्ये ते रोज भेटतं. टॅक्स नाही, बँका खूप, पत्ता कागदावरचा. पण याच कागदी पत्त्यावर खरोखरचे रहिवासीही आहेत. हिरवे, गोंगाट करणारे आणि आंब्याच्या बाबतीत आपल्याइतकेच हावरट.

क्युबाच्या दक्षिणेला असलेल्या या ब्रिटिश प्रदेशात तीन बेटं आहेत. ग्रँड केमन, केमन ब्रॅक आणि लिटल केमन. इथला राष्ट्रीय पक्षी म्हणजे केमन पोपट. आता थोडा फंडा क्लिअर करू. हा 'ॲमेझॉन' पोपट असला तरी त्याने ॲमेझॉन नदी कधी पाहिलेली नाही. ॲमेझॉन हे सुमारे 30 प्रजातींच्या एका कुटुंबाचं नाव आहे. त्यातलीच एक प्रजाती म्हणजे क्युबन ॲमेझॉन. क्युबा, बहामा आणि केमन अशा तीन ठिकाणी ती वसली. मध्ये समुद्र आल्यामुळे गाठीभेटी बंद झाल्या आणि प्रत्येक बेटावरच्या मंडळींनी हळूहळू आपापली फॅशन केली. शास्त्रज्ञ याला उपप्रजाती म्हणतात. ग्रँड केमनच्या पोपटाला 1886 मध्ये चार्ल्स कोरीने वेगळं नाव दिलं, ब्रॅकच्या पोपटाला 1916 मध्ये आउट्रॅम बँग्जने.

पहिला स्टॉप : ग्रँड केमन

जॉर्जटाऊनमध्ये उतरलात की सगळे सेव्हन माइल बीचकडे पळतात. तुम्ही एक सकाळ राखून ठेवा आणि बेटाच्या पूर्वेकडे निघा. क्वीन एलिझाबेथ बोटॅनिक पार्क किंवा मास्टिक ट्रेल, दोन्ही चालतील. मास्टिक ट्रेल जुन्या, न तोडलेल्या जंगलातून जाते. बूट मात्र चांगले घाला, खालचा चुनखडीचा खडक धारदार असतो.

पोपट आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. हिरव्या पानांत हिरवा पक्षी, शोधणार कसा? थांबा. तो उडाला की पंखांतला निळा रंग झर्रकन चमकतो. बसला की दुर्बीण लावा. डोळ्याभोवती पांढरी कडा, गालावर लाल, कानाजवळ काळसर डाग. कपाळावर थोडंसं पांढरं, कधी त्यात गुलाबी झाक. अंगाचा हिरवा रंग जरा पिवळसर आणि पिसांची काळी किनार पुसट. पोटावरचा मरून डाग असलाच तर छोटा.

हे पाठ करा. कारण पेपर पुढच्या बेटावर आहे!

दुसरा स्टॉप : केमन ब्रॅक

छोट्या विमानाने सुमारे 145 किलोमीटर ईशान्येला गेलात की समुद्रातून वर आलेली एक लांबट शिळा दिसते. ती म्हणजे ब्रॅक. 'ब्रॅक' या गेलिक शब्दाचा अर्थच कडा. पूर्वेच्या टोकाला हा कडा 40 मीटरहून जास्त उंच आहे. अख्खं बेट जेमतेम 38 चौरस किलोमीटर. कड्यावरून मेजर डोनाल्ड ड्राइव्ह नावाचा रस्ता जातो आणि त्याच्या आसपास नॅशनल ट्रस्टने 1991 मध्ये सुरू केलेलं पोपटांचं राखीव जंगल आहे.

इथला पोपट किंचित लहान. पण आकारावर जाऊ नका, झाडावर बसलेल्या पक्ष्याला फूटपट्टी कोण लावणार? तीन गोष्टी बघा. पहिली, पिसांची काळी किनार. ती इथे ठसठशीत असते, त्यामुळे अंगावर खवले काढल्यासारखे वाटतात. दुसरी, डोक्यावरचं पांढरं. ते कपाळावर न थांबता मागे सरकतं. तिसरी, पोट. मरून पट्टा चांगला मोठा. गालावरचा लाल मात्र फिका.

एकच खूण बघून निकाल देऊ नका. कोवळ्या पोपटांत काळी किनार आणि मरून रंग दोन्ही कमी असतात, म्हणजे ब्रॅकचं पिल्लू ग्रँड केमनचं वाटू शकतं. नर-मादीत दिसायला फरक नसतो, तेव्हा तो नाद सोडा.

उत्साह उरला असेल तर आणखी दोन भाऊबंद आहेत. बहामातल्या पोपटाचं पांढरं थेट डोळ्यांच्या मागेपर्यंत जातं आणि पोटावरचा मरून जवळजवळ गायब. क्युबातल्या मूळ पोपटाच्या पोटावर मात्र तो भरपूर. बहामातल्या अबाको बेटावरची मंडळी तर झाडात नाही, जमिनीतल्या चुनखडीच्या बिळांत अंडी घालतात.

पण एवढी माथेफोड कशासाठी?

कारण ब्रॅकचा पोपट आता फक्त ब्रॅकवर उरलाय. तेही काही शेकड्यांत. पूर्वी तो शेजारच्या लिटल केमनवरही होता. नोव्हेंबर 1932 मध्ये प्रचंड वादळ आलं, ब्रॅकवर शंभराहून जास्त माणसं गेली आणि लिटल केमनवरचा पोपट संपला. नोव्हेंबर 2008 मध्ये 'पालोमा' वादळाने पुन्हा ब्रॅकलाच झोडपलं. हे पोपट स्वतः घर कोरत नाहीत, जुन्या झाडांच्या तयार ढोलींत राहतात. झाड पडलं की घर गेलं. प्लॉटसाठी झाड तोडलं तरी तेच.

दुसरा धोका जास्त साधा आहे. पाळण्यासाठी ढोलीतून पिल्लं काढली जातात. एका बेटाचा पोपट पिंजऱ्यातून दुसऱ्या बेटावर गेला आणि सुटला, तर? दोघांची पिल्लं होऊ शकतात. मग काही पिढ्यांत ती ठसठशीत किनार, तो मरून पट्टा, सगळं एकमेकांत मिसळून जाईल. पोपट दिसतील, पण ब्रॅकचा पोपट नसेल. म्हणून एखादा जखमी पोपट सापडला, तर त्याला कुठल्या बेटावर सोडायचं याचं उत्तर आधी त्याच्या पोटावर आणि कपाळावर शोधावं लागतं.

बॅलन्स शीटमध्ये दोन एन्ट्री सारख्या दिसल्या म्हणून आपण त्या एक करत नाही. इथेही तेच.

जाताय? मग हे वाचा

• मुंबईहून थेट विमान नाही. लंडन किंवा अमेरिकेमार्गे जा. अमेरिकेत विमान बदलायलाही व्हिसा लागतो.

• पोपट बघायची वेळ : उजाडताना आणि सूर्यास्ताआधी. दुपारी सावलीत पिसांची किनार नीट कळत नाही.

• साधारण मार्च ते जून हा विणीचा काळ. ढोलीजवळ जाऊ नका, फ्लॅश मारू नका.

• फोटो काढताना पोट आणि कपाळ दोन्ही येऊ द्या. नुसता हिरवा ठिपका आला, तर मित्रांसमोर तुमचाच पोपट होईल.

• आठवण म्हणून पीस किंवा पक्षी आणायचा विचारही नको. ही प्रजाती साइट्स कराराच्या परिशिष्ट 1 मध्ये आहे, म्हणजे व्यापाराला बंदी.