वाफ साठत नाही

दडपलेलं एक ना एक दिवस उसळून वर येतंच, यावर माझा कित्येक वर्षं ठाम विश्वास होता. मनात कोंडलेलं दुःख आजार होऊन बाहेर पडतं, समाजाने दाबलेली माणसं बंड करून उठतात. दोन्हीकडे नियम एकच. कुकरमध्ये वाफ कोंडली की शिटी होणारच. हे चित्र मला इतकं पटलेलं होतं की त्याचा पुरावा मागावा असं कधी मनातही आलं नाही. आज मी तसं मानत नाही. आणि गंमत नव्हे, खरंच सांगते, माझा विश्वास ढळला तो मी वर्गात शिकवत असलेल्या एका धड्यामुळे.

वाफेच्या या कल्पनेला मोठा आधार दिला फ्रॉइडने. दमनावरच्या १९१५ सालच्या निबंधात तो म्हणतो की दडपलेली इच्छा जाणिवेकडे सतत रेटा देत राहते आणि तिला अडवून धरायला मनाला सतत शक्ती खर्चावी लागते. दमन ही त्याच्या लेखी एक न संपणारी झटापट आहे.

आता माझ्या त्या धड्याकडे, म्हणजे आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूकडे पाहा. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर तो एरवी बनवतच नाही म्हटलं तरी चालेल. लॅक्टोज मिळालं की काही मिनिटांत भराभर बनवू लागतो. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जाक मोनो याला आधी वाटत होतं की साखर येऊन हे काम सुरू करून देते. आर्थर पार्डी आणि फ्रांस्वा जाकोब यांच्याबरोबर त्याने केलेल्या प्रयोगांतून उलटंच निघालं: काम सुरू व्हायला तयारच असतं, कोणीतरी ते रोखून धरलेलं असतं. त्या कोणाला तरी नाव मिळालं रिप्रेसर, म्हणजे दडपणारा. १९६१ मध्ये जाकोब आणि मोनो यांनी ही मांडणी प्रसिद्ध केली, १९६५ मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. दडपशाही या दोघांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. नाझींनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये मोनो भूमिगत प्रतिकारात होता; जाकोब द गॉलच्या सैन्यात गेला आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीत इतका जबर जखमी झाला की सर्जन होण्याचं त्याचं स्वप्न कायमचं संपलं.

एका पेशीत हे रिप्रेसर असतात जेमतेम दहाच्या आसपास. त्यातला एक डीएनएवर ठरलेल्या जागी बसतो आणि त्या विकराचा जनुक गप्प राहतो. लॅक्टोजपासून बनलेला एक रेणू येऊन रिप्रेसरला चिकटला की त्याचा आकार बदलतो, पकड सुटते. ही काटकसर आहे. साखरच नसेल तर ती पचवायची तयारी कशाला ठेवायची? वर्षानुवर्षं हे फळ्यावर काढून दाखवताना एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटत होती. गप्प बसवलेल्या त्या जनुकाखाली काहीही साठत नाही. रेटा नाही, धुमसणं नाही, उद्रेक नाही.

काही जिवाणूंत तर रिप्रेसरच बिघडलेला असतो. साखरेचा रेणू त्याला चिकटू शकत नाही, म्हणून तो सुटतच नाही. भोवती लॅक्टोज मुबलक असलं तरी जनुक बंदच, आणि हा बिघाड पिढ्यान् पिढ्या तसाच पुढे जातो.

पेशीवरून माणसाचा सिद्धान्त काढायचा नसतो, हे मला कळतं. पण माझा जुना सिद्धान्त तरी कशावरून काढलेला होता? वाफेवरूनच. म्हणून मी मनाबद्दलचं संशोधन नव्याने वाचायला घेतलं. एखादा विचार मुद्दाम टाळायला गेलं की तोच पुन्हा पुन्हा येतो, हे डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये पांढऱ्या अस्वलाच्या प्रयोगात दाखवलं आहे. तेवढ्यापुरती वाफ खरी. पण आख्खी आठवण वर्षानुवर्षं दडून राहते आणि मग जशीच्या तशी वर येते, या दाव्याचा पाया फार कच्चा निघाला. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये दाखवलं की लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवल्याची न घडलेली आठवणसुद्धा साधारण पाव लोकांच्या मनात रुजवता येते. उलट लहानपणी अत्याचार सोसलेल्या कितीतरी जणांना ते लख्ख आठवत असतं. ते बोलत नाहीत, कारण ऐकून घेणारं, विश्वास ठेवणारं कोणी नसतं. हे वाचताना मी अस्वस्थ झाले. त्यांच्या गप्प राहण्याला आपण मनाचं दमन म्हणत राहिलो, आणि त्यांना गप्प बसवणारे मोकळे सुटले.

समाजाबद्दलचं मत बदलणं मला सर्वांत जड गेलं, कारण जुन्या मतात दिलासा होता. अन्याय फार झाला की माणसं आपोआप उठतील असं मानलं की आपण नुसती वाट पाहायला मोकळे. महाडचं चवदार तळं आठवून पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ मध्ये झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं ठरवलं. परवानगी आली, पाणी तर होतंच, तरी पकड सुटली नाही. शतकांची वाफ म्हणावी तर ती तेव्हाही उसळली नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं ठरवून, परिषद भरवून, परिणाम ठाऊक असूनही तळ्यावर चालत गेली आणि पाणी प्यायली. त्या दिवशी त्यांना मार खावा लागला. तळ्याचं गोमूत्र-शेणाने शुद्धीकरण झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाचा अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. बोल्यांच्या ठरावाला तेव्हा चौदावं वर्ष चालू होतं.