जुन्या जीपचें नवें इंजिन : उद्यमनगर ते करूळ घाट

कोल्हापुरास जाणारा प्रवासी श्रीअंबाबाईचें दर्शन घेतो, रंकाळ्याच्या कांठीं संध्याकाळ घालवितो, पन्हाळ्यावर एक फेरी मारतो आणि गुळाची ढेप व चपलांचा जोड घेऊन परत फिरतो. 'उद्यमनगर पाहण्यासाठीं कोल्हापुरास गेलों होतों' असें सांगणारा गृहस्थ मला अद्यापि भेटावयाचा आहे. माझा तरी त्या वसाहतीशीं काय संबंध ? मी जन्मभर शब्दरूपें आणि धातुरूपें शिकविणारा शाळामास्तर. परंतु 1986 च्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या दादांच्या जुन्या जीपनें मला तेथें नेलें, आणि त्या पंधरा दिवसांत जें पाहिलें तें आज चाळीस वर्षांनींही विसरलेलों नाहीं.

आमचें मूळ घर करूळ घाटाच्या पायथ्याशीं, वैभववाडीच्या बाजूस. कोंकण रेल्वे तेव्हां झालेली नव्हती; ती संपूर्ण मार्गावर सुरू झाली 1998 सालीं. दादा गांवीं डॉक्टरकी करीत. भोंवतालच्या वाड्या डोंगरांत विखुरलेल्या, वाटा दगडधोंड्यांच्या. तेथवर पोंचविणारें वाहन एकच, तें म्हणजे चारही चाकांना जोर देणारी जीप. दादांनीं ती एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली होती. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें अमेरिकेच्या विलीस कंपनीच्या परवान्याखालीं बांधलेली, उंच बॉनेटची, पेट्रोलवर चालणारी गाडी. घाटांत ती लिटरास सहा किलोमीटरही नीट देत नसे. रुग्ण फीबद्दल कधीं पायलीभर तांदूळ देत, कधीं फणस देत. पेट्रोलवाला फणस घेत नसे!

अखेर घरांत एके रात्रीं जेवणानंतर बोलणें निघालें. तात्या म्हणाले, "जीप विकून टाक. दवाखान्यांत बसून येतील ते रोगी तपास."

दादा तात्यांना कधीं उलटून बोलत नसत. त्या रात्रीं मात्र म्हणाले, "तात्या, दवाखान्यांत येतो तो चालतां येणारा रोगी. ज्याला चालवत नाहीं, त्याच्यासाठींच तर गाडी."

डिझेल त्या काळीं पेट्रोलच्या मानानें पुष्कळ स्वस्त होतें व डिझेलचें इंजिन तेवढ्याच तेलांत अधिक वाट चालतें, हें सर्वांस ठाऊक होतें. प्रश्न होता तो पैशाचा. आई कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिनें आपल्या पाटल्या फडक्यांत बांधून दादांच्या हातीं दिल्या व एवढेंच सांगितलें, "मोडूं नकोस, गहाण ठेव. सोडवून आण." दादा दवाखाना बंद ठेवून फार दिवस राहूं शकत नव्हते, म्हणून कोल्हापुरांत नोकरीस असलेल्या माझ्यावर देखरेखीचें काम आलें.

शिवाजी उद्यमनगरांत पाऊल टाकतांच प्रथम जाणवतो तो नाद. कोठें घणाचा ठोका, कोठें लेथवरील पोलादाचा किणकिणाट, कोठें ओतशाळेच्या भट्टीची घरघर. जळकें तेल व तापलेली वाळू यांचा संमिश्र वास नाकाशीं दरवळत असतो. विहिरीवर पाणी खेंचणारीं ऑइल-इंजिनें येथें कित्येक वर्षें तयार होत आलीं, आणि त्यांच्या जोरावर पंचगंगेच्या खोऱ्यांतील ऊंस वाढला. ज्या गुळाची आपण वाखाणणी करतों, त्याच्या गोडींत या काळ्या हातांचाही वाटा आहे.

आमचे मिस्त्री साठीच्या घरांतले, अंगानें किडकिडीत. शाळा तिसरीपर्यंत, परंतु बोटाच्या स्पर्शानें लोखंडाची जाडी सांगणारे. मी त्यांना भोळेपणानें विचारलें, "एखादें स्वस्त ट्रॅक्टरचें इंजिन बसविलें तर चालणार नाहीं का ?"

ते हंसले. "चालंल की, मास्तर. पर बैलगाडीवानी चालंल."

कारण त्यांनीं समजावून दिलें तें मीं वहींत त्रैराशिक मांडून पडताळून पाहिलें. या जीपच्या आंसांतील क्राऊन व पिनियन यांच्या दांत्यांचें प्रमाण 5.38, म्हणजे वरच्या गिअरांत इंजिनाचे 5.38 फेरे होतात तेव्हां चाकाचा एक फेरा होतो. चाकाचा घेर सुमारें 2.2 मीटर. मिनिटास 2000 फेरे घेणारें संथ इंजिन बसविलें तर गाडीचा परमवेग तासास 49 किलोमीटर. तेंच 4500 फेऱ्यांपर्यंत जाणारें इंजिन असेल तर कागदावर 110 येतात. जीपला इतका वेग शोभत नाहीं; पण याचा अर्थ असा कीं नेहमींच्या वेगांत इंजिनास धाप लागत नाहीं. म्हणून त्यांनीं सुचविलें तें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्याचें, चार सिलिंडरांचें, 2112 घनसेंटिमीटरांचें डिझेल इंजिन. महिंद्र कंपनी स्वतःच आपल्या नव्या जीपगाड्यांत तें बसवीत असे. अपघातांत सांगाडा मोडलेल्या एका गाडीचें असें इंजिन आम्हांस कागदपत्रांसह मिळालें. जुन्या जीपचें उंच बॉनेट येथें कामीं आलें. विलीसनें 1953 सालीं तें उंच केलें तें आपल्या नव्या, उंच पेट्रोल इंजिनास जागा व्हावी म्हणून. तीच जागा आतां परक्या पाहुण्यास पुरली.

दोन्ही इंजिनांतील भेद थोडक्यांत सांगतों. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण सुमारें सातपट दाबून त्यावर विजेची ठिणगी पाडतात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगीच नाहीं. नुसती हवा वीस पटींहून अधिक दाबली जाते. त्या दाबानें ती इतकी तापते कीं नोझलमधून तेलाचा सूक्ष्म फवारा उडतांच तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रविशारदानें 1897 सालीं ऑग्सबर्ग येथें आपलें इंजिन यशस्वी करून दाखविलें, तें याच तत्त्वावर. अरणि घांसून अग्नि काढणाऱ्या आपल्या पूर्वजांस हें ऐकून फारसें नवल वाटलें नसतें. परंतु एवढा दाब सोसावयाचा म्हणजे इंजिनाचें अंग भक्कम, अर्थातच जड असावें लागतें. आणि खरें काम येथूनच सुरू होतें.

मला वाटलें होतें, जुनें काढलें, नवें ठेविलें, चार बोल्ट आवळले कीं झालें. प्रत्यक्षांत इंजिन सांगाड्यांत उतरविण्यास अर्धा दिवस लागला आणि बाकीच्या कामास बारा दिवस ! जुना गिअरबॉक्स व नवें इंजिन यांचीं तोंडें जुळेनात. त्यांच्यामध्यें बसविण्यासाठीं जाड पोलादाची प्लेट लेथवर कातून घ्यावी लागली. दोहोंचे मध्य तंतोतंत एका रेषेंत आले पाहिजेत; केसभर फरक राहिला तरी गिअरबॉक्सचें बेअरिंग थोडक्याच दिवसांत खलास होतें. मिस्त्री डायल लावून तीन वेळां तपासत बसले. इंजिनाखालचें फाउंडेशन नवें केलें. वाढलेल्या वजनासाठीं पुढच्या पाट्यांत एकेक पाटा वाढविला. दणकट स्टार्टर व मोठी बॅटरी आली. नोझलमधून उरलेलें तेल टाकींत परत जावें म्हणून टाकीस दुसरी नळी जोडली. किल्ली फिरवून ठिणगी बंद करावी, तर येथें ठिणगीच नाहीं. म्हणून तेल तोडून इंजिन थांबविणारी ओढतार बसविली.

सर्व झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "पंख्याभोंवतीं पत्र्याचं कडं करायचं ऱ्हायलंय. पंखा रेडिएटरपासनं लांब पडलाय. दोन दिस थांबा."

दादा त्याच सकाळीं आले होते. गांवीं तापाची साथ होती. ते म्हणाले, "पुढच्या खेपेस करूं." मिस्त्री गप्प राहिले.

बालिंग्याचा पूल ओलांडून, दुतर्फा उंसाचे मळे पाहत आम्ही निघालों. कोल्हापुराहून गगनबावडा सुमारें पंचावन्न किलोमीटर. साळवण सोडल्यावर डोंगर जवळ येतात, रान दाट होतें, आणि गगनगडाचा माथा दिसूं लागला कीं सह्याद्रीची कड आली असें समजावें. गगनबावड्यास रस्त्याचे दोन फांटे होतात : एक भुईबावडा घाटाचा, दुसरा आमच्या करूळचा. कडेवर उभें राहिलें कीं खालीं कोंकण निळसर धुक्यांत पसरलेलें दिसतें. खालचा गिअर धरून आम्ही सुखरूप घरीं उतरलों. आईनें गाडीवरून भाकरतुकडा ओंवाळून टाकला.

खरी परीक्षा चढाची. चौथ्या दिवशीं आईस अंबाबाईच्या दर्शनास न्यावयाचें म्हणून सर्वजण निघालों. तात्याही न बोलतां मागें बसले. अर्ध्या घाटापर्यंत गाडी अशी चढली कीं दादा गुणगुणूं लागले. इतक्यांत तापमानाचा कांटा हळू हळू वर सरकूं लागला. पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफ निघाली. दादांनीं गाडी कडेस घेतली, चाकांखालीं दगड लाविले आणि कठड्यावर बसून राहिले. पाटल्या गहाण, कर्ज डोक्यावर, आणि समोर वाफाळणारें इंजिन ! "फसलों मी," एवढेंच ते पुटपुटले.

तात्या खालीं उतरले. आतां बोल लावतील असें मला वाटलें. त्यांनीं विचारलें, "मिस्त्री काय करावयाचें राहिलें म्हणाले होते ?"

दादांनीं सांगितलें.

"मग इंजिनाचा काय दोष ? आपण सूनबाई घरांत आणली आणि तिला चूल कोठें आहे तें दाखविलें नाहीं."

आई पदर तोंडास लावून हंसली. इंजिन निवेपर्यंत तासभर थांबलों, झऱ्याचें पाणी भरलें, आणि वाटेंत थांबत थांबत कोल्हापूर गांठलें. मिस्त्र्यांनीं 'मीं सांगितलें होतें' असें एका शब्दानेंही म्हटलें नाहीं. दुपारपर्यंत त्यांनीं पत्र्याचें कडें ठोकून बसविलें. त्यामुळें पंख्याची सर्व ओढ रेडिएटरमधूनच होऊं लागली. परततांना आम्ही मुद्दाम पायथ्यापर्यंत उतरून पुन्हां घाट चढलों. कांटा मध्यावरून हलला नाहीं.

दादांच्या फेऱ्या त्यानंतर एकवीस वर्षें चालल्या. गाडी लिटरास अकरा किलोमीटर देऊं लागली आणि तिसऱ्या वर्षीं आईच्या पाटल्या सुटून आल्या. काढलेलें पेट्रोल इंजिन तात्यांनीं स्वतः तेल लावून, गोणपाटांत गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर ठेविलें. कां, तें त्यांनीं सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं. तें अद्यापि तेथेंच आहे.

हें वाचून कोणी तरुण वाचक आपल्या जुन्या गाडीस हात घालूं पाहील, म्हणून एक सावधगिरीची सूचना. त्या वेळीं 1939 चा मोटार वाहन कायदा होता. आम्हीं नोंदणी-अधिकाऱ्यास रीतसर कळवून नव्या इंजिनाचा क्रमांक व इंधन यांची नोंद पुस्तकांत करून घेतली होती. पुढें 1988 चा कायदा आला. त्याच्या 52 व्या कलमाचे निर्बंध अधिक कडक आहेत, आणि 2019 सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करतां येत नाहीं असा निर्णय दिला. तेव्हां परिवहन कार्यालयांत विचारल्यावांचून पान्हा हातीं धरूं नये.

गेल्या वर्षीं कोल्हापुरास गेलों असतां उद्यमनगरांत सहज फेरी मारली. मिस्त्री आतां नाहींत. त्यांचा नातू संगणकावर चालणाऱ्या लेथवर काम करतो. मीं जुनी हकीकत सांगितली, तेव्हां तो म्हणाला, "आजोबा म्हणायचे, इंजिन कुणीबी बसवंल, भोंवतालचं बसवणं म्हंजे काम." आमच्या तात्यांचें म्हणणें तरी याहून निराळें काय होतें ? अंबाबाईच्या दर्शनानंतर तासभर वेळ उरला, तर वाचकांनींही त्या नादांतून एकदां चालून यावें.