किहीमची चित्रवही

देरासरात पाटल्यावर अक्षतांचा स्वस्तिक काढताना त्या गृहस्थांचा हात प्रथम चुकला. मूठभर तांदूळ ओतून तर्जनीने चार गतींच्या चार भुजा रेखाव्यात, वर ज्ञान, दर्शन आणि चारित्र्य यांच्या तीन ढिगल्या मांडाव्यात आणि त्याहून वर सिद्धशिलेची चंद्रकोर काढावी, हे काम त्यांनी लहानपणापासून डोळे मिटूनही केले असते. त्या दिवशी उजवीकडची भुजा सरळ जाईना. महिन्यापूर्वी अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला होता. बोलणे आणि चालणे सावरले होते. उजवा हात तेवढा मागे राहिला होता. त्यांनी तांदूळ पुन्हा गोळा केले, पुन्हा रेखले आणि मागे उभ्या असलेल्या माणसांची चाहूल लागताच तसेच अर्धवट ठेवून ते बाजूला झाले.

खरा घाव पुढच्या आठवड्यात बसला. पर्युषणात पांजरापोळीसाठी बोललेल्या रकमेचा चेक सही जुळत नसल्याच्या शेऱ्यासह परत आला. काळबादेवीत कापडाची पेढी चालवताना चाळीस वर्षांत त्यांचा चेक कधी परत आला नव्हता. मुलाने त्याच दिवशी रक्कम आपल्या खात्यातून पोहोचवली आणि रात्री जेवताना अगदी हळुवारपणे म्हटले, “बाबा, खात्यावर माझेही नाव लावून घेऊ या. किंवा मुखत्यारपत्र करू.” सूचना व्यवहाराची होती. ती ऐकून गृहस्थ ताटावरून उठले नाहीत, परंतु त्या रात्री ते फारसे जेवलेही नाहीत.

सही हा व्यापाऱ्याच्या देहाचा एक अवयवच असतो. अंगठ्याची सोय असते. आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असेल तर, चालतो. मुलाने तेही चौकशी करून सांगितले होते. परंतु ज्याच्या सहीवर गिरण्यांनी गाठीच्या गाठी उधार दिल्या, त्याने अंगठा उठवायचा ही कल्पना गृहस्थांना सोसवेना. त्यांनी जुन्या कागदावरची आपलीच सही समोर ठेवली आणि शाळकरी मुलासारखी ती गिरवायला घेतली. रोज दोन पाने गिरवून महिनाभराने दुसरा चेक दिला. तोही परत आला.

याचे कारण बँकेच्या काउंटरवर बसलेल्या कोणालाही उमगेल. सही तपासणारा माणूस अक्षरे वाचत नाही, तो ओघ पाहतो: लेखणी कोठे उचलली, कोठे दाबली, शेवटचा फराटा किती वेगाने गेला. खोटी सही करणारा आकार बहुधा अचूक साधतो. पण तो सावकाश, नमुन्याकडे पाहत पाहत काढतो, म्हणून त्याची रेषा अडखळते आणि थरथरते. गृहस्थांची खरीखुरी सही आता खोट्या सहीच्या सगळ्या खुणा घेऊन उतरत होती. हे त्यांना तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्यांना पटले नसते.

दिवाळीनंतर नातेवाइकांच्या किहीमच्या वाडीत हवापालटासाठी जायचे ठरले. गेटवेहून लाँचने मांडवा आणि तेथून गाडीने किहीम. नारळ-सुपारीच्या वाड्या, किनाऱ्यावर सुरूची दाट रांग, समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी. सुट्टीपुरती आठवीतली नातही बरोबर होती. तिला शासकीय रेखाकला परीक्षेची एलिमेंटरी द्यायची होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असा तिचा अभ्यास चालू असे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी गृहस्थांना रबरी चेंडू दाबायला आणि कागदावर रेघा मारायला सांगितले होते. चेंडूचा त्यांना कंटाळा आला होता. नातीने एक चित्रवही आणि टू-बी पेन्सिल त्यांच्या पुढ्यात सरकवली. “दादाजी, रेघाच मारायच्या आहेत ना? मग तांब्याच्या मारा.”

आपल्या घरांत चित्रकलेचे स्थान काय असते, हे सर्वांना ठाऊक आहे. मुलींना मेंदी आणि रांगोळीपुरती, मुलांना सातवीपर्यंत. पुढे वाणिज्य शाखा. चौदाव्या-पंधराव्या शतकांत कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या करवून घेण्यासाठी आपल्या व्यापाऱ्यांनी सोने आणि निळा रंग हात आखडता न घेता पुरवला, परंतु कुंचला दुसऱ्याच्या हाती राहिला. गृहस्थांनीही शाळा सुटल्यापासून गिऱ्हाइकाला साडीची किनार समजावण्यापलीकडे कधी रेषा ओढली नव्हती.

पहिला तांब्या पाहून नात हसू दाबत होती. तांब्याचे तोंड पूर्ण गोल आणि बूड पट्टीने आखल्यासारखे सपाट, जणू एकाच वेळी वरूनही पाहिले आणि बाजूनेही. “तोंड गोल आहे म्हणून गोल काढले,” गृहस्थ म्हणाले. “आहे गोल, पण दिसते कुठे गोल?” नातीने तांब्या त्यांच्या डोळ्यांच्या रेषेपर्यंत उचलला: तोंडाची नुसती रेघ झाली. हळूहळू खाली नेला: रेघ फुगून लंबवर्तुळ झाले. पायाशी ठेवला तेव्हा कोठे ते गोल झाले. गृहस्थांनी तिला तीन वेळा हेच करायला लावले. साठ-पासष्ट वर्षे रोज तांब्याने पाणी प्यालेल्या माणसाला तांब्याचे तोंड कसे दिसते हे ठाऊक नव्हते. ते कसे असते एवढेच ठाऊक होते. त्यांना कल्पसूत्राच्या चित्रांतला तो चेहऱ्याच्या रेषेबाहेर डोकावणारा दुसरा डोळा आठवला. चेहरा बाजूने दिसतो, म्हणून डोळा एकच दिसतो. परंतु माणसाला डोळे दोन असतात. तेथे ती त्या शैलीची रीत होती. येथे मात्र नुसते अज्ञान होते.

खोडरबर वापरायला त्यांनी साफ नकार दिला. चोपड्यांत खाडाखोड करणे हा त्यांच्या वडिलांच्या दृष्टीने चोरीसारखाच गुन्हा होता. चुकलेल्या नोंदीवर एक आडवी रेघ मारायची आणि खाली खरी नोंद करायची. चित्रवहीतही त्यांनी तेच केले. चुकीची रेषा तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी काढली, मग तिसरी. नात म्हणाली, आमचे सरही हेच सांगतात. पहिली रेषा हलकी ठेवा, ती पुढच्या रेषेला वाट दाखवते. या एका मुद्द्यावर पेढी आणि चित्रशाळा यांचे एकमत झाल्याने गृहस्थ मनोमन खूश झाले. दुसऱ्या एका मुद्द्यावर मात्र अडचण आली. नातीच्या पुस्तकातल्या वस्तुचित्रात कांदा होता, आणि वाडीच्या स्वयंपाकघरात तो मिळणार नव्हता. त्याच्या जागी सोललेला नारळ ठेवला गेला. नारळ काढणे कांद्याहून कठीण असते, हे दोघांनाही उशिरा कळले.

सकाळच्या सामायिकानंतर चित्राची वही, असा क्रम पडला. सामायिकाची दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, स्थिर बसण्याची सवय उपयोगी आली. हात थरथरेच. पण हात लांब ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत नारळाच्या दीडपट तांब्या अशी मापे घेण्यात त्यांना गज हाती धरल्याचा आनंद मिळे. मापाला थरथर बाधत नव्हती.

विहिरीवर झुकलेल्या शिंदीला सुगरणीचे जुने, रिकामे खोपे लोंबत होते. त्यांतला एक वाऱ्याने खाली पडला, तो त्यांनी काढायला घेतला आणि काडी न् काडी रेखण्याच्या नादात दोन दिवस घालवले. कागदावर गवताची पेंढी उतरली. नातीने डोळे किलकिले करायला सांगितले. काड्या नाहीशा झाल्या आणि एक काळोखी पोकळी, तिच्याभोवती फुगीर उजेड आणि खाली लांब नळी एवढेच उरले. तेवढे काढल्यावर खोपा झाला.

याच किहीमला 1930 साली सालिम अली सुगरण पाहत बसले होते. ते तेव्हा चौतिशीत होते, बर्लिनमध्ये श्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन परतले होते आणि त्यांच्याकडे नोकरी नव्हती. म्हणून ते पत्नीसह किनाऱ्यावरच्या घरी राहायला आले. मराठीत आपण सारे श्रेय सुगरणीला देतो. विणतो मात्र नर. तो खोपा अर्धा विणून थांबतो. माद्या येऊन आत-बाहेर तपासतात. एखादीने पसंत केला तर तो पूर्ण होतो, आणि मग तोच नर दुसरा खोपा विणायला घेतो. हा हिशेब सालिम अलींनी रोजच्या पाहण्यातून मांडला. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक गावात दिसणारी ही गोष्ट कोणी नीट बसून पाहिली नव्हती. गृहस्थांना यातला माद्यांच्या तपासणीचा भाग फार आवडला. गिऱ्हाईक असेच असते, असे ते म्हणाले.

नात मुंबईला परतण्याआधी दोघे सासवन्याला जाऊन आले. किहीमहून मांडव्याच्या वाटेवर हे गाव आहे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर 1891 साली येथे जन्मले. गावातल्या देवळाच्या भिंतीवर पोरवयात काढलेले त्यांचे चित्र त्या वेळचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी मुलाला मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत धाडले. पुण्याचा 1928 चा शिवछत्रपतींचा साडेतेरा फुटी अश्वारूढ पुतळा, ब्राँझमध्ये एकसंध ओतलेला, हा त्याच मुलाच्या हातचा. त्यांच्या राहत्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. नात अंगणातल्या म्हशीपाशी रमली. गृहस्थ आत एकेका पुतळ्यासमोर उभे राहत आणि चेहऱ्याकडे न पाहता फक्त हात पाहत. बोटे कोठे वळली आहेत, शीर कोठे उठली आहे, वजन कोणत्या मनगटावर आहे. परतताना गाडीत त्यांनी स्वतःचा उजवा हात मांडीवर ठेवून बराच वेळ तसाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच हात काढला, डाव्या हाताने. चित्र वेडेवाकडे होते, पण अंगठ्याशेजारचे बोट जरा आत ओढले गेले आहे, हे त्यात स्पष्ट दिसत होते. ते बोट पूर्वीसारखे नव्हते. मग त्यांनी जुन्या सहीचा तो कागद काढला आणि पाहिला. सहीच्या शेवटी एक लांब, वर जाणारा फराटा होता, आणि तो या बोटाचा नव्हता. इतके दिवस ते तांब्याचे तोंड गोल काढत होते. त्यांनी कागद घडी करून ठेवून दिला आणि वहीच्या मागच्या पानावर, समोर काही न ठेवता, हात जाईल तसे नाव लिहिले. फराटा आखूड झाला आणि खाली उतरला. शंभरेक वेळा लिहिल्यावर ती एकमेकींसारखी दिसू लागली.

पौषात मुंबईला परतल्यावर ते नमुना सही बदलण्याचा अर्ज घेऊन बँकेत गेले. अधिकाऱ्याने ओळखपत्र पाहिले, समोर तीन सह्या करायला सांगितल्या आणि त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. सही सुंदर असावी लागत नाही, पुन्हा तशीच यावी लागते. अर्ज स्वीकारला गेला. संयुक्त खात्याचा अर्जही गृहस्थांनी तेथेच मागून घेतला, मुलाचे नाव स्वतः भरले आणि खाली आपली नवी सही केली. मुलगा शेजारी उभा होता. त्याने ती दोनदा वाचली आणि विचारले, “बाबा, ही तुमचीच ना?”