नाही आणि नव्हे

आयरिश भाषेचे व्याकरण वाचतो आहे असे सांगितले की वर्गातले मित्र आधी माझ्या तोंडाकडे पाहतात आणि मग विचारतात, "परीक्षेला आहे का रे?" परीक्षेला नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात डिलन आणि ओ क्रोनिन या लेखकद्वयाचे १९६१ साली निघालेले 'टीच युवरसेल्फ आयरिश' स्वस्तात मिळाले, एवढेच निमित्त. पण त्या पुस्तकातल्या नकाराने मला असे काही धरून ठेवले की परीक्षेची पुस्तके बाजूला राहिली.

आयरिश ही आयर्लंडच्या राज्यघटनेने १९३७ साली पहिली राजभाषा ठरवलेली भाषा. तिच्यात आपल्या 'आहे'साठी दोन शब्द आहेत. एखादी गोष्ट कुठे आहे, कशी आहे हे सांगायचे तर 'ता'. ती कोण आहे, काय आहे हे सांगायचे तर 'इस'. "इस मून्त्योर मे" म्हणजे मी शिक्षक आहे. आता नकार करा. "नी मून्त्योर मे." 'इस' कुठे गेला? 'नी'ने तो गिळला! त्या एका अक्षरातच 'न' आणि 'असणे' दोन्ही आले. उलट, 'इथे शिक्षक नाही' म्हणायचे तर "नील मून्त्योर अन्शो". एक 'नी', दुसरा 'नील'. एकाने ओळख नाकारली, दुसऱ्याने अस्तित्व.

प्रश्नातही हा 'इस' असाच लपतो. "अन मून्त्योर हू?" म्हणजे तू शिक्षक आहेस का? "नाख मून्त्योर हू?" म्हणजे तू शिक्षक नव्हेस का? उत्तराला सरसकट 'हो' किंवा 'नाही' असा शब्दच त्या भाषेत नाही. इथे "नी हॅ" म्हणायचे. मूळ शब्द नुसता 'ॲ', पण 'नी'पुढे स्वर आला की मध्ये 'ह' येऊन उभा राहतो. भूतकाळात 'नी'चा 'नीर' होतो आणि पुढच्या शब्दातला 'म' मऊ होऊन 'व' होतो: "नीर वून्त्योर मे", मी शिक्षक नव्हतो. इथे शिक्षक नव्हता, हे मात्र वेगळे: "नी रेव मून्त्योर अन्शो". आपण दोन्हीकडे 'नव्हता'वर भागवतो. आयरिश माणूस तिथेही दोन वाटा मोडत नाही.

हे सारे मी वसतिगृहात खोलीतल्या सोबत्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो गदगकडचा. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "यात नवीन काय? हे तर आमचं अल्ल आणि इल्ल!" खरेच की! दोरीला पाहून तो म्हणेल, "इदु हावु अल्ल", हा साप नव्हे. आणि खोलीत साप नसेल तर "हावु इल्ल". आयर्लंडची भाषा कुठली, कन्नड कुठली. दोघींचे कुळ वेगळे. तरी दोघींनी नकाराचे दोन दरवाजे वेगळे ठेवले.

मग मला आमच्या मराठीचा 'नव्हे' आठवला. तो आताशा आमच्या बोलण्यातून निसटत चालला आहे. साप असो वा नसो, आम्ही 'नाही' म्हणूनच मोकळे होतो. पण अत्र्यांच्या १९६२ सालच्या नाटकाचे नाव 'तो मी नाहीच' असे करून पाहा! त्यातला लखोबा लोखंडे आमच्या निपाणीचा. 'मी नाही' असे तो कसा म्हणेल? तो तर न्यायालयात समोर उभा आहे! तो ओळख नाकारतो, म्हणून 'नव्हेच'. आयरिशमध्ये हेच "नी मिश अन फॅर शिन", आणि माझ्या सोबत्याच्या तोंडी "आ मनुष्य नानल्ल".

वाचकहो, हा केवळ व्याकरणाचा खेळ असता तर मी तुमचा वेळ घेतला नसता. आमच्या गावात 'तू मराठी की कन्नड?' हा प्रश्न लहानपणापासून ऐकू येतो. 'मी कन्नड नव्हे' असे मी म्हणतो तेव्हा फक्त माझी ओळख सांगतो. 'नानु मराठी अल्ल' असे सोबती म्हणतो तेव्हा तोही तेवढेच सांगतो, आणि दोघेही खरे बोलतो. भांडण सुरू होते ते 'नव्हे'च्या जागी 'नाही' आणि 'अल्ल'च्या जागी 'इल्ल' आले की. 'इथे कन्नड नाही', 'इल्लि मराठी इल्ल' या वाक्यांत कोणी स्वतःबद्दल बोलत नाही. समोर बसलेल्या माणसालाच पुसून टाकतो. मोर्चाच्या दिवशी दुकानांच्या पाट्यांना डांबर फासलेले मी पाहिले आहे. त्या डांबराला 'नव्हे' म्हणता येत नाही. त्याला 'नाही' एवढेच येते.

या अंकाची काही पाने उलटली की कन्नड विभाग लागेल. तो माझा नव्हे. अडखळत वाचावा लागतो, अर्धा सोबत्याला विचारावा लागतो. पण तो नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?