हौदा

हल्ली मोबाइलवर कॅम्परव्हॅनच्या रील्स येतात. आतच गादी, आतच शेगडी, खिडकीबाहेर डोंगर. मला आमच्या दिंडीचा ट्रक आठवतो. आषाढी वारीचे अठरा-वीस दिवस तेच आमचं घर. वर ताडपत्री, आत पोती, भांडी, अंथरुणं, 19 किलोच्या गॅसच्या टाक्या आणि जनरेटरच्या डिझेलचा कॅन.

मी सोलापूरचा. बारावीनंतर मामांबरोबर स्वयंपाकाच्या गाडीवर गेलो. मामांचे नियम ठरलेले. टाकी उभीच ठेवायची, दोरीनं बांधायची. गाडी हलण्याआधी रेग्युलेटर काढून टोपी लावायची. जनरेटर बंद होऊन गार झाल्याशिवाय डिझेल ओतायचं नाही. मला ते सगळं सोवळं वाटायचं.

नातेपुत्याच्या मुक्कामी रात्री धो धो पाऊस आला. पालात पाणी शिरलं म्हणून चार म्हाताऱ्या ट्रकमध्ये येऊन झोपल्या. टाकी भिजू नये म्हणून मी एका पोराला हाताशी धरून ती शेगडीसकट हौद्यात चढवली, फाळका लावला, ताडपत्री ओढून घेतली आणि तिथंच आडवा झालो. शेगडीची चावी बंद होती, टाकीची नव्हती. ओढाओढीत नळी चिरली होती, ते अंधारात दिसलं नाही.

मध्यरात्री मामांच्या हाकेनं जागा झालो. घाण वास येत होता. माझा हात सवयीनं दिव्याच्या बटणाकडे गेला. मामांनी मनगट धरलं.

"बटणाला हात लावू नको बे. आधी फाळका खोल."

आम्ही फाळका पाडला, ताडपत्री वर केली, आज्यांना एकेक करून पावसात उतरवलं. मामांनी चाचपून टाकीची चावी बंद केली. आज्या कुडकुडत विचारत होत्या, "काय झालं रं?" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

सकाळी मामांनी समजावलं. हा गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, तळाशी साचतो. बंद फाळक्याचा हौदा पाण्यासारखा भरत जातो, आणि माणसं झोपतात तीही तळाशीच. हवेत साधारण 2 टक्के गॅस मिसळला तरी बटणाची ठिणगी पुरते. मूळ गॅसला वास नसतो. नाकाला कळावं म्हणून तो मुद्दाम मिसळतात. झोपलेल्या नाकाला मात्र त्याचा भरवसा नाही.

26 ऑगस्ट 2023 ला मदुराईत उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात आग लागली. यात्रेकरूंनी चोरून नेलेल्या गॅस टाकीमुळे 9 जण गेले. ती बातमी वाचताना मला चार आज्या दिसत होत्या.

परवा एक मित्र व्हॅन घेऊन कोकणात निघाला होता. त्यानं गादी दाखवली, दिवे दाखवले. मी विचारलं, टाकी कुठंय? चांगल्या मोटरहोममध्ये तिचा कप्पा वेगळा असतो, झोपायच्या जागेपासून पूर्ण बंद, आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असतं. त्याची टाकी गादीखाली होती. गळतीसाठीचा 1906 हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये घातला, आणि टाकी आम्ही दोघांनी मिळून खाली उतरवली.