डबलरच्या मागे

झुआरीच्या काठावरच्या गोदीत एखादी जुनी पोलादी लाँच स्लिपवेवर चढवली, की मालक आधी तिच्या तळाभोवती फेरी मारतात. शेवाळ, कालवं, बार्नेकल, सोललेला रंग सगळं तिथे डोळ्यांसमोर असतं, आणि जे दिसतं त्याचीच माणसाला धास्ती. मी शिडी लावून आधी आत उतरतो. हातात बॅटरी आणि टोकदार हातोडी. बोटींचे तळ तपासता तपासता माझं एक मत पक्कं झालं आहे: पोलादी बोटीला नदी-समुद्र खातात त्याहून जास्त तिच्या पोटात साठलेलं पाणी खातं.

बाहेरच्या अंगाला निदान रंग आणि पोलादाऐवजी स्वतः झिजणारा ॲनोड असे दोन राखणदार असतात. दर गोदीला ते अंग खरवडलं जातं, चार लोकांच्या नजरेखालून जातं. आतल्या अंगाला कोणी वाली नसतो. गोव्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डेकवरच्या ढिल्या बोल्टाखालून, खिडकीच्या वाळलेल्या रबरातून तो थेंब थेंब आत झिरपतो आणि फ्रेमच्या, म्हणजे बोटीच्या फासळ्यांच्या, पायाशी येऊन थांबतो. पाणी पुढे सरकावं म्हणून प्रत्येक फ्रेमच्या तळाशी भोक ठेवलेलं असतं, पण चिंध्या, ग्रीस आणि रंगाचे पापुद्रे यांनी ते कधीच बुजलेलं असतं. मग फ्रेम आणि प्लेट यांच्या कोपऱ्यात बारमाही डबकं. इंजिनाखाली तर हातसुद्धा पोचत नाही.

जुन्या बोटींत बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या या पोकळीत, सिमेंट ओतायची पद्धत होती. त्यात अक्कल होती. सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे पोलाद गंजत नाही, काँक्रीटमधल्या सळया त्याच गुणावर टिकतात. पण इंजिनाच्या थरथरीने सिमेंट तडकलं, प्लेटपासून सुटलं, की फटीत शिरलेलं पाणी पुन्हा वाळत नाही. म्हणून सिमेंट दिसलं की मी दोन-तीन ठिकाणी फोडायला सांगतो. मालक नाराज होतात. तरी फोडायलाच हवं.

अशीच एक लाँच उन्हाळ्यात आली होती. मुरगाव बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांना माणसं आणि सामान पोचवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. नव्या मालकांना ती पर्यटकांसाठी हवी होती. बांधताना ५ मिलिमीटरची प्लेट वापरलेली. मालक म्हणाले, "साहेब, तळाला प्लेट सगळीकडे पाचची भरते. आधीच्या माणसाने मोजून दिलीय." कागद बघितला, आकडे बरोबर होते. त्या आकड्यांमुळेच मला शंका आली. बाजूच्या प्लेटा साडेचारवर आल्या होत्या, पाण्याच्या रेषेवर चारच्या थोडं वर, आणि सगळ्यात ओली जागा असलेला इंजिनाखालचा तळ मात्र नव्यासारखा? हे कसं?

जाडी मोजणारं अल्ट्रासॉनिक यंत्र खोटं बोलत नाही, पण त्याला जेवढं विचारावं तेवढंच ते सांगतं. ते प्लेटमध्ये ध्वनिलहर सोडतं, ती पलीकडच्या पृष्ठभागावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं, आणि पोलादातला ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला साधारण ५९०० मीटर, धरून जाडी काढतं. मधे हवेची फट आली की लहर तिथूनच मागे फिरते. फटीपलीकडे काय आहे ते यंत्राला कळायचा मार्गच नाही. रंगही फसवतो. रंगातून ध्वनी पोलादाच्या निम्म्याहूनही कमी वेगाने जातो, त्यामुळे साधं गेज मिलिमीटरभर जाड जुना रंग दोन मिलिमीटरहून जास्त पोलाद म्हणून दाखवतं. एकाहून अधिक प्रतिध्वनी धरणारं गेज रंग वगळतं. तेही नसेल तर जागा घासून चकचकीत करायची आणि मगच प्रोब टेकवायचा.

गेजच्या आधी हातोडी. बाजारात माठ वाजवून घेतात तसा तळ वाजवायचा. निरोगी प्लेट खणखणीत बोलते, हातोडी उसळून हातात परत येते. झिजलेल्या प्लेटवर आवाज बसका येतो आणि उसळी मरते. इंजिनाखाली वाजवलं तर तिसराच आवाज आला, किंचित फाटका, दोन पत्रे एकमेकांवर आपटावेत तसा. गोदीच्या मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता ग्राइंडर मागवला. रंगाच्या थरांखाली चौकोनभर वेल्डिंगची रेघ निघाली. जुन्या प्लेटवर बाहेरून दुसरी प्लेट ठेवून कडेने जोडून टाकली होती. यालाच गोदीत डबलर म्हणतात. आधीच्या माणसाने मोजले होते ते त्या वरच्या प्लेटचे पाच मिलिमीटर.

डबलरचा एक तुकडा कापून काढला. मागून काळा, ओलसर, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा चिखल निघाला. तो बोटाने पुसला, तर खाली पोलाद चांदीसारखं चमकत होतं. नवख्याला वाटेल, वा, धातू शाबूत आहे. खरं तर तीच सगळ्यात वाईट खूण. हवा न पोचणाऱ्या ओल्या जागी सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात, पोलादाचं काळं सल्फाइड करतात आणि खाली चकचकीत वाटीसारखे खड्डे कोरत जातात. आतून बिल्ज साफ करून त्याच प्लेटवर गेज लावलं, तर ३.२, २.९, आणि खड्ड्यात सुईचं माप घातलं तर दीडच्या आसपास. मूळ जाडीच्या पाव हिश्शाहून जास्त झीज झाली की प्लेट बदलायची, असा सर्वसाधारण दंडक आहे. इथे तो कधीच ओलांडला गेला होता.

हाच काळा चिखल मी उभ्या राहिलेल्या बार्जांखालीही पाहिला आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, तेव्हा खनिज वाहणारे बार्ज नदीत नुसते उभे राहिले, काही ओहोटीला गाळात बसायचे. चालत्या बोटीवर माणसं असतात, पंप सुरू होतो, कोणीतरी झाकण उघडून बघतं. उभ्या बोटीला विचारणारं कोणी नसतं.

मालकांची गणितं वेगळी होती. "वरून अजून एक प्लेट मारा ना, साहेब. पावसाच्या आत बोट पाण्यात गेली पाहिजे." त्यांची घाई मला समजत होती. गोदीपासून लांब, भोक पडलेल्या बोटीला घरापर्यंत आणायला डबलर लावला तर माझी हरकत नाही. पण दुरुस्ती म्हणून तो लावणं मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही. मागची ओल कोंडली जाते, बोटीचं वजन वाढतं, ती पाण्यात खाली बसते, आणि सगळा भार फक्त कडेच्या वेल्डिंगवर येतो. सगळ्यात मोठा तोटा म्हणजे पुढच्या तपासणाऱ्याला पाच मिलिमीटर दिसतात. पर्यटक बसणार होते त्या बोटीत, लाइफजॅकेटं घालून, लेकरांसह. मी कापायला सांगितलं.

कापायचं कुठपर्यंत, हा या कामातला खरा प्रश्न. खराब भागाच्या कडेला कापलं तर नवी प्लेट झिजलेल्या प्लेटला जोडावी लागते, वेल्डिंग करताना जुनी प्लेट जळून भोक पडतं आणि दर सांध्याला तेच रडगाणं. म्हणून खडूने रेघ मारायची, रेघेवर बोटाबोटाच्या अंतराने गेज टेकवायचं, आणि जाडी मिळेपर्यंत रेघ बाहेर सरकवत जायची. सांधा फ्रेमवर न येता दोन फ्रेमच्या मधे यावा हे पाहायचं. कोपरे गोल कापायचे, याबाबत मी हट्टी आहे. काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो. दुसऱ्या महायुद्धात घाईने वेल्ड करून बांधलेल्या लिबर्टी जहाजांत तडे गेले, त्यातले बरेच हॅचच्या चौकोनी कोपऱ्यांतून सुरू झाले होते. जानेवारी १९४३ मध्ये 'स्केनेक्टडी' नावाचा टँकर तर अमेरिकेतल्या पोर्टलंडला धक्क्याशी शांत पाण्यात उभा असताना दुभंगला. त्या जहाजांचं पोलादही थंडीत ठिसूळ होणारं होतं, आमच्या नदीत तो धोका नाही. तरी कोपरा गोल करायला पाच मिनिटं जास्त लागतात, तेवढी द्यावीत.

वेल्डिंग सुरू करण्याआधी आतला थर्माकोल, फोम, लाकूड सगळं काढलं. डिझेलची टाकी रिकामी करून हवा तपासली. आत एक माणूस पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर घेऊन बसला, काम थांबल्यावरही बसून राहिला. वेल्डर तरुण होता, हात फार चांगला. एका दमात लांब टाका न मारता वितीवितीचे तुकडे, एकदा इकडे, एकदा तिकडे, मधे हात लावण्याइतकी प्लेट थंड होऊ द्यायची. घाई केली की प्लेट पोट काढते, मग ते हातोडीने बसत नाही.

सांधे तपासायला आम्ही जुनाच उपाय केला. बाहेरून चुन्याचा हात दिला, वाळू दिला, आणि आतून वेल्डिंगवर रॉकेल फिरवलं. रॉकेल इतकं पातळ, की केसाएवढ्या छिद्रातूनही पाझरतं. थोड्या वेळाने पांढऱ्या चुन्यावर एका जागी तेलकट ठिपका उमटला आणि हळूहळू पसरला. वेल्डरने काही न म्हणता तेवढा भाग घासला, पुन्हा भरला, पुन्हा चुना.

रंगाचं थोडक्यात सांगतो. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, मग ब्लास्टिंग, आणि कडांवर व वेल्डिंगवर ब्रशने एक हात जास्तीचा, कारण ओला रंग धारेवरून मागे सरकतो. प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर नसेल तर डबा उघडायचा नाही. मेअखेरीच्या सकाळी ही अट पाळताना जीव मेटाकुटीला येतो.

ॲनोडवर मात्र मालकांशी बरंच बोललो. पावसाळ्यात नदीच्या वरच्या भागात पाणी जवळजवळ गोडं होतं, उन्हाळ्यात खारं पाणी खूप आत चढतं. झिंकचा ॲनोड गोड्या पाण्यात स्वतःवर पापुद्रा धरतो आणि झिजायचा थांबतो, म्हणजे राखायचाही थांबतो. अशा पाण्यात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे बरे. त्यांना रंग लावायचा नाही, हे रंगाऱ्याला वेगळं बजावावं लागतं.

शेवटचा वाद तळातल्या फळ्यांवरून झाला. मालकांना त्यावर गालिचा चिकटवून हवा होता. फळ्या उचलता आल्याच पाहिजेत, यावर मी अडून बसलो, आणि गालिचा तुकड्यांत आला. फ्रेमच्या तळाची भोकं पुन्हा बुजू नयेत म्हणून त्या सगळ्यांतून, नाळेपासून इंजिनापर्यंत, जागोजागी गाठी मारलेली नायलॉनची दोरी ओवली. जुन्या जहाजांत यासाठी साखळी ओवत, पण साखळी रंग खरवडते. तांडेल म्हणाला, "रोज ओढायची का?" म्हटलं, पाऊस असेपर्यंत रोज, नंतर आठवड्याला एकदा, आणि दोरी अडली तर ओढाताण न करता आधी फळी उचलून बघा.